आडव्या पडलेल्या फाटकाचे मागणे

मी एक जुने रेल्वे फाटक आहे. खरे सांगायचे तर फाटक होते. आता त्याचा नुसता लोखंडी दांडा उरला आहे. जळगाव शहराच्या एका अंगाला, डाळमिलांच्या मागे, नव्या उड्डाणपुलाच्या पायथ्याशी मी गवतात आडवे पडले आहे. एका टोकावर बाभूळ झुकली आहे आणि उन्हाळ्यात कुत्री माझ्या आडोशाला झोपतात. माझे पांढरे पट्टे पिवळे पडले, लाल पट्ट्यांचा गंज झाला.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की फार पाल्हाळ लावतात. मलाही ती खोड आहे. पण आज माझ्याजवळ वेळ नाही. मला तुम्हाला पार्वताबाईबद्दल सांगायचे आहे. पार्वताबाई भाजी विकते, रोज सकाळी इथून रेल्वेचे रूळ ओलांडते, आणि तिला ऐकू येत नाही. तिला ऐकू येत नाही हे मला ठाऊक आहे आणि आणखी एका माणसाला ठाऊक आहे. तो माणूस आता इथे राहिला नाही. म्हणून मला बोलावे लागते आहे.

माझा जन्म रेल्वेच्या कारखान्यात झाला. लांबलचक नळी, एका टोकाला वजनाचा ठोकळा, मधोमध लाल तबकडी आणि अंगभर पट्टे, असे माझे रूप होते. मला इथे आणून उभे केले तेव्हा गेटमन गिरधर नुकताच नोकरीला लागला होता. त्याला मिशीसुद्धा धड फुटलेली नव्हती, पण ऐट मात्र स्टेशनमास्तरची. त्याने माझ्यापुढे नारळ फोडला, मला कुंकू लावले आणि खोबऱ्याचा मोठा तुकडा स्वतःच खाल्ला. केबिनमधला फोन वाजला की तो चाक फिरवी, घंटा घणघणे आणि मी सावकाश खाली येई. गाडी गेली की मी वर जाई. हेच माझे काम, आणि ते मी मन लावून केले.

तेव्हा माझा काय रुबाब होता म्हणून सांगू. माझ्यापुढे पुढाऱ्यांच्या मोटारी थांबत आणि म्हशीही थांबत. म्हशी जास्त शहाणपणाने थांबत. केळीचे ट्रक, डाळीच्या पोत्यांनी लादलेल्या लोटगाड्या, चटईच्या कारखान्यात निघालेल्या बाया, सायकलींवर डबलसीट बसलेली पोरे, सगळे माझ्यासमोर एका रांगेत उभे राहत. बाया डबे खाली ठेवून गप्पा मारत. कोणाच्या घरी काय शिजले, कोणाच्या सुनेने काय केले, हे सगळे मला मालगाडीच्या डब्यांबरोबर ऐकायला मिळे.

पार्वताबाई पहिल्यांदा इथून गेली ती नवी नवरी असताना. तिचा नवरा झुलाल लोटगाडी ओढी आणि ती मागून ढकली. गाडीवर भरताची हिरवी वांगी, मेथी, गिलकी, कोथिंबीर. अलीकडे गल्ली आणि बाजार, पलीकडे नव्या कॉलन्या. माल अलीकडे घ्यायचा आणि पलीकडे दारोदार विकायचा, असा त्यांचा संसार चालला. पुढे झुलालचे गुडघे गेले. मग तो घरी बसून भाजी निवडू लागला आणि लोटगाडी एकटी पार्वताबाई ढकलू लागली. तीही आता म्हातारी झाली आहे, पण कपाळावरचे कुंकू रुपयाएवढे आणि चाल ताठ.

तिचे कान कधी गेले ते नेमके मला सांगता येणार नाही. ऐकू येणे एका दिवसात जात नाही. घंटा वाजली की थांबलेल्या सगळ्यांच्या माना रुळाकडे वळतात. हळूहळू पार्वताबाईची मान वळेनाशी झाली. इंजिनाने कर्कश भोंगा दिला की लहान मुले कानांवर हात ठेवतात, बाया दचकतात. ती दचकेनाशी झाली. ती फक्त माझ्याकडे पाही. मी खाली आले की ती थांबे, मी वर गेले की निघे. मी होते तोवर तिला कानांची गरज पडली नाही.

एकदा गिरधर केबिनच्या पायरीवरून तिला म्हणाला, "पार्वताबाई, मी कवळनी हाक मारी राहिनू, ऐकू येत नही का तुले?"

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि हसून म्हणाली, "ताजा शेतस भाऊ. आजच तोडेल शेतस."

गिरधरला वाटले बाईचे सगळे चित्त धंद्यात आहे. त्याने कपाळाला हात लावला आणि पावशेर वांगी घेतली. मला मात्र त्या दिवशी कळून चुकले. पण मी पडले फाटक. खाली येणे आणि वर जाणे यापलीकडे मला बोलता कुठे येत होते?

मग शहर वाढले. ज्या घरात एक सायकल होती तिथे दोन मोटरसायकली आल्या. माझ्यासमोरची रांग डाळमिलांच्या कोपऱ्यापर्यंत जाऊ लागली. रेल्वेच्या गाड्याही वाढल्या, त्यामुळे मी वर कमी आणि खाली जास्त राहू लागले. लोक मला शिव्या घालू लागले आणि त्यांचे अगदीच चुकत होते असे नाही. एकदा अडलेल्या बाईची रिक्षा माझ्यासमोर अडकली. मालगाडी मध्येच उभी राहिली होती, गिरधर फोनवर ओरडत होता, आणि बाळ रिक्षातच जन्माला आले. पोर सुखरूप आहे, आता शाळेत जाते. पण त्या दिवसापासून गल्लीने पूल पाहिजे म्हणून कंबर कसली.

पुढाकार घेतला भाईदासनानांनी. भाईदासनाना म्हणजे गल्लीतले किराणा दुकानदार आणि वडीलधारे. त्यांच्या शब्दाबाहेर गल्लीत पान हलत नाही. त्यांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, मोर्चे काढले, उपोषणाला बसले आणि पूल मंजूर करून आणला. नकाशा दाखवायला साहेब आले तेव्हा सभा माझ्या शेजारीच भरली. वेळ कामाच्या दिवसाची, सकाळी अकराची. मंडप होता, चहा होता. सभेला आलेले सगळे मोटरसायकलींवर आले आणि त्यांनी गाड्या माझ्यासमोर ओळीने लावल्या.

नकाशा भला मोठा होता. प्रत्येक जण वाकून आपले घर शोधत होता. हे माझे छप्पर, तो तुझा ओटा, माझ्या दुकानासमोर सावली पडेल का, पुलाखाली गाड्या लावता येतील का. साहेबांनी सगळ्या प्रश्नांना हो म्हटले. टाळ्या झाल्या. पायी चालणारा माणूस या पुलावर कुठून चढेल, हे मात्र कोणी विचारले नाही. ज्यांना ते विचारावेसे वाटले असते त्या बाया त्या वेळी चटया विणत होत्या, नाहीतर दुसऱ्यांची धुणीभांडी करत होत्या. पार्वताबाई पलीकडच्या कॉलनीत कोणाला तरी मेथीची जुडी देत होती. लोक वाईट नव्हते, मित्रांनो. त्यांना खरोखरच सुचले नाही.

पूल झाला. उद्घाटनाच्या दिवशी मला झेंडूचा हार घातला, माझ्यासोबत फोटो काढले, पेढे वाटले. ज्यांनी मला जन्मभर शिव्या दिल्या ते माझ्या अंगावरून हात फिरवत होते. भाषणे झाली आणि गिरधरने मला शेवटचे खाली आणले. लोक पांगले. पार्वताबाई हातात पेढा धरून लोटगाडीपाशी उभी होती. मी खाली आले म्हणजे गाडी येणार, असे तिने धरले होते. गाडी आली, गेली. ती मी वर जाण्याची वाट पाहत राहिली. मंडपवाल्यांनी खुर्च्या गोळा केल्या तरी ती उभीच होती.

शेवटी गिरधर तिच्या पुढ्यात जाऊन हात हलवत म्हणाला, "आते हाई वर जाणार नही, पार्वताबाई. कायमनं बंद व्हई गयं."

तिला ते ओठांवरून समजले असावे. तिने मान हलवली, पेढा पदराला बांधला आणि लोटगाडी वळवली. त्या क्षणी मला वाटले की कुणीतरी मला पुन्हा वर उचलावे, एकदाच, तिच्यापुरते. दुसऱ्या दिवशी गॅसकटर आला आणि मला खांबापासून कापून गवतात टाकले.

पार्वताबाईने पुलाचा रस्ता करून पाहिला, नाही असे नाही. तिच्याबरोबर त्या दिवशी झुलालही लंगडत आला. चढ लांब आणि उभा. कडेला पायी चालायला पट्टीसुद्धा नाही. एका बाजूला कठडा आणि दुसऱ्या बाजूला ट्रक. निम्म्यात लोटगाडी मागे येऊ लागली. झुलालने चाकाखाली वीट सरकवली. मागून केळीचा ट्रक भोंग्यावर भोंगे देत होता आणि पार्वताबाई आपल्याच नादात रस्त्याच्या मधोमध गाडी ढकलत होती. ट्रकवाल्याने खाली उतरून आरडाओरडा केला तेव्हा तिला कळले. टोमॅटो उतारावरून माझ्यापर्यंत घरंगळत आले. झुलाल खाली येऊन बाभळीच्या सावलीत बसला आणि म्हणाला, "आपला पूल नही हाऊ. चाल घर."

तेव्हापासून ती रूळ ओलांडू लागली. लोखंडी कुंपणाला लोकांनी एक फट पाडलीच होती. लोटगाडी माझ्याजवळ उभी करायची, टोपली डोक्यावर घ्यायची, रूळ ओलांडायचे आणि पलीकडे पुलाच्या तोंडाशी गोणपाट अंथरून बसायचे. दारोदारची गिऱ्हाइके सुटली. जी येतील ती येतील. फटीपाशी ती आजूबाजूच्या बायांकडे पाही. त्या थांबल्या की थांबे, त्या निघाल्या की निघे. कोणी नसले तर उभी राही. माझ्याकडेही एकदा पाही, सवयीने, आणि मी गवतात पडलेले. मित्रांनो, असे पडून राहण्यापेक्षा वितळून गेलेले बरे, असे मला त्या काळात रोज वाटे.

पुढे एक दिवस धुळ्याची मृणाली नावाची एक मुलगी आली. शहरासाठी वाहतुकीचा नवा आराखडा व्हायचा होता. विजेवरच्या बसगाड्या कुठून धावतील, सायकलींना वाट कुठे, पायी माणसांना कुठे, हे ठरवायचे काम तिच्याकडे होते. बाकीचे लोक गाडीतून उतरले, पुलाचे फोटो काढले आणि गेले. मृणाली मात्र मागे राहिली. ती माझ्यावरच बसली, पाण्याची बाटली काढली आणि फटीतून कोण कोण जाते ते सकाळभर पाहत राहिली. पार्वताबाईची टोपली तिने स्वतः उचलून डोक्यावर दिली.

"आजी, पुलावरून का नाही जात?" तिने विचारले. ती समोर उभी राहून स्पष्ट बोलत होती, म्हणून पार्वताबाईला समजले.

"मनी गाडी चढत नही बेटा. अन् मी चढनी तं ट्रकवाला मारी टाकी."

"मी जिना मागते. आणि जिन्याशेजारी लोटगाडी जाईल असा उतार पण. आराखड्यात घालतेच."

"कवळ व्हई?"

"पहिल्याच टप्प्यात मागते, आजी."

पार्वताबाईने तिच्या हातावर दोन वांगी ठेवली. मृणालीने घेतली. मला खूप बरे वाटले. इतक्या दिवसांत कोणीतरी पहिल्यांदाच पुलाकडे पायांच्या बाजूने पाहिले होते.

मग श्रावण आला आणि घरोघर कानबाई देवी बसली. आमच्या खानदेशात कानबाईचे काय महत्त्व आहे ते तुम्हाला सांगायला नको. रविवारी भाईदासनानांच्या घरी स्थापना झाली, सगळ्या भाऊबंदांचा रोटांचा नैवेद्य झाला, बाया रात्रभर गाणी म्हणत राहिल्या. सोमवारी सकाळी कानबाईला पाटाच्या पाण्यात बोळवायला मिरवणूक निघाली. पाट रुळांच्या पलीकडे आहे. दरवर्षी मिरवणूक माझ्यासमोर थांबे. मी खाली असले की बाया तिथेच फुगड्या खेळत आणि गिरधर केबिनमधून हात जोडे. या वर्षी मिरवणूक आली तेव्हा समोर कुंपण होते आणि कुंपणात फट होती.

कोणीतरी म्हणाले, पुलावरून जाऊ. भाईदासनाना वैतागले. "कानबाईनी वाट कधी बदलनी का? मना आजाना काळपाईन ती आठूनच जास. चला, फट मोठी करा."

तरुण पोरांनी कुंपणाचे दोन गज वाकवले. डफ वाजत होता, बँड वाजत होता. डोक्यावर चौरंग घेतलेल्या बाया मागे होत्या आणि सगळ्यांच्या पुढे तांब्यातून पाणी शिंपडत पार्वताबाई. मी रुळाजवळ पडलेले असल्याने गाडी येते ते मला सर्वांत आधी कळते. दगडखडीतून थरथर येते. ती आली. मी अंगातले सगळे लोखंड एकवटून उठायचा प्रयत्न केला. काही झाले नाही. बँडवाला नवे गाणे धरत होता.

गिरधर निवृत्त होऊन गल्लीतच राहत होता आणि मिरवणुकीत शेवटी चालत होता. त्याने सिग्नल पाहिला. तो गर्दी कापत पुढे आला आणि फटीत हात पसरून उभा राहिला.

"बाजूले व्हय गिरधर, देवीले आडवू नको," भाईदासनाना म्हणाले.

"नाना, गाडी यी राहिनी. आज मीच फाटक शे. जाणं व्हई तं मना आंगवरतीन जा."

मिरवणूक थबकली. बँड थांबला. पण पार्वताबाई त्याच्या आधीच आत गेली होती. ती पाठमोरी, पाणी शिंपडत रुळाकडे चालली होती. गिरधरने हाक मारली. सगळ्या बायांनी हाका मारल्या. भोंगा असा वाजला की डाळमिलांच्या पत्र्यावरची कबुतरे उडाली. ती चालतच राहिली; बायांना वाटले, तिच्या अंगात कानबाई आली. गिरधर धावला, तिचा पदर त्याच्या हाताला लागला आणि दोघे मागे खडीवर पडले. तांब्या रुळात गेला. गाडी त्याच्यावरून गेली आणि कितीतरी वेळ जातच राहिली.

शेवटचा डबा गेला. भाईदासनाना खाली बसले होते.  शेवटी ते उठले आणि म्हणाले, "कानबाई पुलवरतीन जाई." मग सगळी मिरवणूक पुलावर चढली, अनवाणी, वाजंत्री बंद करून. पट्टी नव्हती म्हणून बाया रस्ताभर पसरून चालल्या आणि दोन्ही बाजूंची वाहने मिरवणूक पलीकडे उतरेपर्यंत उभी राहिली.

पार्वताबाई मात्र माझ्यावर बसून होती. कोपर सोलवटले होते. गिरधर तिच्यासमोर उकिडवा बसला आणि पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे नीट पाहिले.

"तुले ऐकू येत नही," तो म्हणाला.

ती रडायला लागली. "कोणले सांगू नको भाऊ. मनी चुलतसासूनं आसंच व्हयनं व्हतं. मंग तिनासंगे कोणी बोलेचना. कोपऱ्यात बसाडी दिनं तिले. त्याले समजनं तं तो माले घरमातीन निंघू देणार नही. अन् मी बसनी घर, तं खाणार काय?"

'तो' म्हणजे झुलाल. गिरधरने कोणाला न सांगण्याचे वचन दिले. त्याला अट एकच होती, की तो आल्याशिवाय तिने रुळावर पाय ठेवायचा नाही. दुसऱ्या सकाळपासून तो नोकरीतले जुने झेंडे घेऊन फटीपाशी येऊन बसू लागला. लाल वर केला की ती थांबे, हिरवा दाखवला की जाई. लोक हसत, म्हणत म्हाताऱ्याला नोकरी सुटवत नाही. तोही हसे आणि खरे कारण सांगत नसे.

कानबाईच्या मिरवणुकीने वाहतूक अडली याची मोठी चर्चा झाली. साहेब लोक आले. मला वाटले, आता जिना होणार. भाईदासनानांनी हात जोडून जिना मागितला तेव्हा साहेब म्हणाले, "नाना, नकाशा तुमच्याच सभेत दाखवला होता ना? तेव्हा का नाही बोललात?"  ज्या माणसाने गल्लीसाठी चपला झिजवल्या तो त्या दिवशी मान खाली घालून घरी गेला.

जिना झाला नाही, भिंत झाली. फट बुजवायला कुंपणाच्या जागी माणसाच्या दीडपट उंच भिंत घातली. गवंड्यांनी मला उचलून बाजूला ठेवायचा कंटाळा केला आणि माझ्या अंगावरूनच भिंत चढवली. त्यामुळे माझे एक टोक आत रुळाजवळच्या खडीत आहे आणि दुसरे बाहेर. मृणाली पुन्हा आली. आराखड्याच्या पहिल्या टप्प्यात विजेवरच्या बसगाड्या, चौकातले नवे सिग्नल आणि पुलावरचे रंगीत दिवे एवढेच ठेवले होते. जिना आणि उतार दुसऱ्या टप्प्यात ढकलले होते. दुसरा टप्पा कधी, ते कोणाला ठाऊक नव्हते.

"आराखड्यात आहे, आजी," ती पार्वताबाईला म्हणाली. "मी काढू दिलं नाही. पण बांधायचं माझ्या हातात नाही."

"कागदवर पाय ठेवता येस का, बेटा?" पार्वताबाईने विचारले. ती टोमणा मारत नव्हती, खरेच विचारत होती.  मृणालीचे इथले काम संपले आणि ती दुसऱ्या शहरात गेली.

भिंतीला चार दिवसांत भोक पडले. ते कोणी पाडले हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे आणि विचाराल तर कोणालाच ठाऊक नाही. भोक खाली, माझ्या अगदी शेजारी आहे. टोपली आधी आत सरकवायची, मग वाकून, जवळजवळ रांगत आत जायचे. उभे राहून डावीउजवीकडे पाहावे म्हटले तर तोवर माणूस रुळाच्या कडेला पोहोचलेला असतो. पूर्वीच्या फटीतून निदान गाडी लांबून दिसे. सुरक्षेसाठी घातलेल्या भिंतीने तेवढेही घेतले. चटईच्या कारखान्यातल्या बाया आता रिक्षाने वळसा घालून जातात. ज्यांना रिक्षा परवडत नाही अशा थोड्याच इथून जातात, आणि त्या पार्वताबाईच्या नंतर.

गिरधर तरीही येत होता. भोकापाशी वाकून तो आधी आत जाई आणि तिथून झेंडा दाखवी. मग पावसाळ्याच्या शेवटी त्याला अर्धांगाचा झटका आला. त्याचा मुलगा जीवन धुळ्याला असतो. तो आला आणि वडिलांना घेऊन गेला. रिक्षा जाताना गिरधरने इथे थांबवायला लावली. पार्वताबाई उभी होती. त्याचे तोंड वाकडे झाले होते, त्यामुळे त्याच्या ओठांवरून तिला काही कळेना आणि त्याच्या बोलण्यातून जीवनला काही कळेना. तो नुसता तिच्याकडे आणि भिंतीकडे हात करत राहिला. जीवनला वाटले वडील निरोप घेत आहेत.

"जा भाऊ," पार्वताबाई म्हणाली. "मी देखी लिसू."

आणि तिने खरेच काहीतरी पाहिले. दोन-तीन दिवस ती भोकापाशी येऊन नुसती बसत होती, टोपली तशीच घरी नेत होती. मग एकदा बसताना आधाराला तिने माझ्यावर हात ठेवला. त्याच वेळी गाडी येत होती. माझे आतले टोक खडीत रुतलेले आहे; गाडी लांब असतानाच मी थरथरू लागते, आणि ती थरथर भिंतीखालून बाहेरच्या टोकापर्यंत येते. तिने हात उचलला, पुन्हा ठेवला. गाडी धडधडत गेली. मी शांत झाले. तिने माझ्याकडे जसे पाहिले तसे मला जन्मात कोणी पाहिले नव्हते, अगदी हार घालतानाही नाही.

तेव्हापासून ती रोज असेच करते. टोपली आत सरकवते, तळहात माझ्यावर टेकते, मी गप्प असले की जाते. भंगार झालेले मी पुन्हा फाटक झाले. तिला कोणाला काही सांगावे लागत नाही आणि मलाही जगायला कारण आहे.

पण मित्रांनो, काल दोन माणसे आली. त्यांनी मला फीत लावून मोजले आणि खडूने खूण केली. रेल्वेचे जुने लोखंड लिलावात गेले आहे. उद्या पहाटे भंगाराचा ट्रक येणार, मला भिंतीखालून ओढून काढणार आणि माती लोटून खड्डा बुजवणार. मला वितळण्याचे दुःख नाही. मी पोलाद आहे, माझे पुन्हा काहीतरी होईल.

तुमच्यातले कोणी मोठेपणी शहराचे रस्ते आखणार असाल, पूल बांधणार असाल, बसगाड्यांचे मार्ग ठरवणार असाल, तर आखण्याआधी तो रस्ता एकदा डोक्यावर टोपली घेऊन पायी चालून पाहा. एवढे तुमच्याकडून झाले तरी पुष्कळ. पण ते पुढचे झाले, आणि माझे मागणे उद्याचे आहे.

उद्या सकाळी पार्वताबाई येईल. टोपली आत सरकवील. माझी जागा रिकामी पाहून गोंधळेल, मग सवयीने तिथल्या मातीवरच तळहात टेकेल. भुसभुशीत मातीतून थरथर येत नाही. ती समजेल गाडी नाही, आणि वाकून आत जाईल. पुलाच्या पायथ्याशी, डाळमिलांच्या मागे, तुमच्यापैकी कोणीतरी लवकर येऊन उभे राहा. तिला हाक मारू नका, ती ऐकणार नाही. तिचा हात धरा.